आधी दावा, मग गेट



मागच्या महिन्यात पुण्याहून एका साथीचं पत्र आलं. हे साथी आपलं पत्रक नेमानं घेतात, वर्गणी वेळेवर पाठवतात, मोर्चालाही दोनदा येऊन गेले. त्यांनी लिहिलं होतं, "पोरांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की ताडोब्याला वाघ पाहायला यायचं आहे. तुम्ही तिकडचेच. कधी यावं, कोणत्या गेटनं जावं, कुठं राहावं, जरा कळवा."

पत्र साधंच होतं. पण बैठकीत वाचलं तेव्हा अर्धा तास दुसरा विषय निघाला नाही. एक काकाजी हसून म्हणाले, "त्यायले सांगा, आमच्याच गावात या. वाघ घरामागून जाते. तिकीट नाई लागत." एक बाई चिडल्या. "आमाले सरपणाले गेलो तं अडवते, अन् यायले गाडीत बसवून नेते. कायले सांगता रस्ता?" मग मागून एक पोरगा उठला. तो गाइड आहे. म्हणाला, "बाई, माह्या घरचं मीठ-मिरची त्या गाडीवरच येते. तेंदूपत्ता चालते पंधरा-वीस दिवस. गाइडचं काम सात-आठ महिने. पर्यटक नको म्हणसान तं मले काम कोण देईन?"

तिघंही खोटं बोलत नव्हते. आणि हा वाद फक्त पुण्याच्या पत्रापुरता नाही. आमच्या शिवाराला लागून, बफरमधल्या जंगलात, नवीन सफारी गेट काढायचं बोलणं सुरू आहे. लवकरच ते ग्रामसभेपुढे येईल. म्हणून साथीच्या तीन प्रश्नांचं उत्तर पोस्टकार्डावर न देता इथं देऊन राहिलो. उत्तर त्यांच्यासाठी आहे, आणि आपल्या गावांसाठीही आहे.

कधी यावं?

वाघच पाहायचा असेल तर मार्च ते मे. पानगळ होऊन जंगल उघडं पडलेलं असतं, नाले-बोड्या आटतात आणि वाघ उरलेल्या पाणवठ्यावर येतो. हिवाळ्यात हवा चांगली, पाखरं भरपूर, ताडोबा तलावाच्या काठी मगर ऊन खात पडलेली दिसते. पण गवत उंच असतं, वाघ दिसेलच असं नाही. पावसाळ्यात कच्चे रस्ते बंद. मंगळवारी सुट्टी असते, तो दिवस धरू नका. परवानगी आधीच काढून ठेवा, ऐन वेळी गेटवर येऊन परत गेलेले कितीतरी लोक आम्ही पाहिले. कपडे मातीच्या रंगाचे घाला. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या परत घेऊन जा.

आता दुसरी बाजू. मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलाचा हंगाम, मे म्हणजे तेंदूपत्ता. मोहफूल रात्रीतून गळतं. ऊन चढायच्या आत वेचलं नाही तर ढोरं नाहीतर रानडुकरं खाऊन जातात. म्हणून आमच्या बाया अंधारातच टोपली घेऊन निघतात. तुमची जिप्सी गेटवर रांगेत उभी असते, त्याच वेळेला. वाघही तोच. तुम्ही गाडीत उंचावर बसलेले असता, आणि ती बाई झाडाखाली वाकलेली असते. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा वाटत नाही, असं जाणती माणसं सांगतात. आमच्या भागात मोहफूल वेचताना, पत्ता तोडताना माणसं गेली आहेत. त्यांच्या घरी आम्ही बसून आलो आहोत. सरकार भरपाई देतं, पण चुलीपाशी बसणारी बाई परत येत नाही.

हे तुम्हाला घाबरवायला किंवा लाजवायला सांगत नाही. एवढंच सांगतो की तुम्ही ज्याला सीझन म्हणता, त्यालाच आम्ही पोट भरायचे दोन महिने म्हणतो. वाघ दिसला नाही म्हणून गाइडवर चिडू नका, ड्रायव्हरला गाडी पुढं घालायला लावू नका. एका वाघाभोवती वीस-वीस गाड्या लागतात, त्याला पाण्यावरून उठून जावं लागतं. हैराण झालेला वाघ तुमच्या गाडीवर येत नाही. तो पुढं जातो, आणि पुढं आमची गावं आहेत.

कोणत्या गेटनं?

चंद्रपूरहून येणार असाल तर मोहर्ली जवळ. नागपूरहून चिमूरकडून आलात तर कोलारा नाहीतर नवेगाव. खुटवंडा, पांगडी, झरी हीही गेटं आहेत. मोहर्लीहून ताडोब्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब दिसतील. ते गोंड राजांच्या काळचे आहेत. गाइडला विचारा, तो सांगेल. पुढं तलावाकाठी मोठ्या झाडाखाली देवाचं ठाणं आहे. तारू नावाचा आमचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला, आणि त्याच्याच नावावरून ताडोबा. पौष महिन्यात तिथं जत्रा भरत आली. ज्याच्या नावानं तुम्ही तिकीट काढता त्या देवाला भेटायचं तर आज त्याच्या लेकरांनाही परवानगी लागते.

गेट म्हणजे नुसता लोखंडी आडणा नाही. १९३५ साली इथं शिकारबंदी झाली. १९५५ साली ११६ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं, ते राज्यातलं पहिलं. १९८६ साली त्याला लागून अंधारी अभयारण्य झालं, सुमारे ५०९ चौरस किलोमीटरचं. १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २०१० साली भोवती आणखी ११०० चौरस किलोमीटरचं बफर आखलं, त्यात ७९ गावं आली. प्रत्येक वेळी रेघ बाहेर सरकली. आमची गावं जागेवरच होती. एके दिवशी सकाळी उठलो तर कागदावर आम्ही आत होतो.

बोटेझरी आणि कोळशाची काही घरं २००७ साली उठली आणि मूल तालुक्यात भगवानपूरला गेली. उरलेल्या गावांत कोणी म्हणतं जाऊ, कोणी म्हणतं मेलो तरी नाही जात. २००८ साली कुटुंबामागं दहा लाखांचं पॅकेज ठरलं होतं. ज्याला रस्ता नाही, दवाखाना नाही, पोरीला नवरा मिळत नाही, पीक रानडुकरं खातात, त्याला एवढे पैसे दिसले तर तो जाईल. त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण ज्याला जायचं नाही त्याला ढकलता येत नाही, हे आपल्या प्रत्येक माणसाला पाठ असलं पाहिजे.

कायदा काय म्हणतो ते पुन्हा लिहितो. वनहक्क कायदा २००६ चा, कलम ४. हक्क तपासून मान्य करायचं काम पुरं झाल्याशिवाय कोणाला जमिनीवरून काढता येत नाही. व्याघ्र प्रकल्पातसुद्धा आधी हक्क मान्य झाले पाहिजेत. माणसांमुळं वाघाचं कधीही भरून न येणारं नुकसान होतं हे दाखवावं लागतं. सोबत राहायचा दुसरा कोणताच मार्ग उरला नाही हे दाखवावं लागतं. ग्रामसभेची मोकळी, समजून-उमजून दिलेली संमती लागते. नव्या जागेवर जमीन आणि सोयी तयार झाल्याशिवाय कोणाला हलवता येत नाही. वन्यजीव कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली, त्यातही हेच लिहिलं आहे.

जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन थांबवलं. चंद्रपूर-नागपूरपासून दिल्लीपर्यंत केवढा गोंधळ झाला! हॉटेलवाले म्हणाले आमचं पोट गेलं. ऑक्टोबरमध्ये नवीन मार्गदर्शक सूचना आल्या आणि बंदी उठली. त्या सूचनांप्रमाणं गाभ्यातल्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन चालतं. म्हणजे हॉटेलवाल्यांचं ऐकायला तीन महिने पुरले. आमचं ऐकायला १९३५ पासून किती वर्षं झाली ते मोजा.

आता आम्हाला कोणी विचारेल, तुमची ढोरं काय जंगलाचं भलं करतात का? विचारा, उत्तर देतो. ढोरं जास्त झाली की हरणाचं गवत संपतं, हे खरं आहे. मोहफूल नीट दिसावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, ती आग कधीकधी मैलभर जाते, हेही खरं आहे. ही सवय आपल्यातलीच आहे आणि ती मोडायला हवी. झाडाखाली झाडून घेता येतं, जुनी लुगडी अंथरता येतात. काही बाया तसं करून राहिल्या आहेत. पण मग जिप्सीच्या चाकाचा, इंधनाचा, रिसॉर्टच्या बोअरवेलचा हिशोबही त्याच पाटीवर मांडा. शेळीच्या खुरानं जंगल मोडतं आणि चाकानं मोडत नाही, असं होत नाही.

आणि वाघ आमचा वैरी नाही. ताडोब्याजवळ लोहाऱ्याला कोळशाची खाण येणार होती. वाघांचा येण्याजाण्याचा रस्ता तुटतो म्हणून लोक उठले आणि तो प्रस्ताव मागं पडला. तेव्हा आम्हीही खूश झालो. खाण आली असती तर वाघही गेला असता आणि आम्हीही गेलो असतो. चंद्रपूरच्या भोवती उघड्या खाणी पाहा, तिथं ना मोह उरला ना वाघ.

कुठं राहावं?

गेटांजवळ रिसॉर्ट भरपूर झाले. स्वस्त आहेत, महागडेही आहेत. वनविकास महामंडळाच्या, पर्यटन महामंडळाच्या खोल्याही आहेत. आम्ही कोणाचं नाव सांगत नाही आणि कोणाला वाईटही म्हणत नाही. फक्त खोली घेण्याआधी चार गोष्टी विचारा. ही जमीन आधी कोणाची होती? इथं कामाला कोणत्या गावचे किती लोक आहेत आणि ते कोणत्या कामाला आहेत? रोज काय देता? पाणी कुठून घेता?

आमच्या गावच्या तीन बाया एका रिसॉर्टमध्ये जात होत्या. काम भांड्याचं आणि खोल्या पुसायचं. स्वयंपाकी बाहेरचा, मॅनेजर बाहेरचा, पाटीवर नाव मात्र आमच्या देवाचं. मे महिन्यात गावची हातपंप कोरडी पडली तेव्हा बाया पाण्याच्या गुंडीसाठी कोसभर चालल्या, आणि दिवसभर पोहायच्या टाकीभोवतालची फरशी धुतली. ही त्यांनीच बैठकीत सांगितलेली गोष्ट आहे. त्या रडत नव्हत्या, हसत होत्या.

पाहुणा नको असं आपल्यात कोणी म्हणत नाही. घरी आलेल्याला आधी पाणी देतो, मग गाव विचारतो. गावातल्या घरी राहायची सोय होत असेल तर तिथं राहा. बचत गटाच्या बायांकडं जेवा. भात, वरण, जवसाची चटणी, हंगाम असेल तर मोहफुलाच्या पोळ्या. बायांचे, पोरांचे फोटो काढायचे तर विचारून काढा. आणि नाचून दाखवा म्हणू नका. आम्ही पेनापुढं नाचतो, लग्नात नाचतो. जेवणाच्या टेबलापुढं नाचायला बोलावलं की आमची म्हातारी माणसं मान खाली घालतात.

मग गेट हवं की नको?

आता आपल्या गावाचं. गाइड पोराचं म्हणणं आम्ही बाजूला टाकू शकत नाही. त्यानं बारावी केली, नोकरी नाही. पाखरांची नावं पाठ केली, हिंदी-इंग्रजी शिकला, आणि आज घर चालवतो. गेट आलं तर असे दहा-पंधरा पोरं कामाला लागतील. चिडलेल्या बाईचंही म्हणणं बाजूला टाकता येत नाही. आज सफारीचा रस्ता म्हणतील, उद्या त्या रस्त्यावर ढोरं नको म्हणतील, परवा सरपणाची मोळी दिसली तर पर्यटकाला बरं दिसत नाही म्हणतील. दुसऱ्या गावांत असंच होत आलं.

आमचं मत असं की भांडण गेट हवं की नको याचं नाहीच. भांडण आहे ते ठरवणार कोण याचं. आमच्या गावानं सामूहिक वनहक्काचा दावा केला. नकाशा काढला, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, ग्रामसभेचा ठराव जोडला. त्याला दोन वर्षं झाली. फाइल वरच्या कार्यालयात पडून आहे. विचारायला गेलो की साहेब मीटिंगला गेलेले असतात. पण गेटसाठी मोजमाप करायला मात्र लोक आठ दिवसांत दोनदा येऊन गेले. एकाच जंगलाचे दोन कागद आहेत. एक बसून आहे आणि एक पळून राहिला आहे. आधी गेट झालं तर ते जंगल पर्यटनाच्या नकाशावर चढेल आणि आमचा दावा आला की म्हणतील, इथं तर सफारी चालते, आता कसं देता येईल? आधी दावा मंजूर झाला तर त्याच जंगलात गेट काढायचं की नाही, किती गाड्या सोडायच्या, मोहफुलाच्या दिवसांत सकाळची फेरी बंद ठेवायची का, हे आपण मांडीला मांडी लावून बोलू. मग तो पोरगा ग्रामसभेचा गाइड असेल, कोणाच्या मेहरबानीचा नाही.

हे स्वप्नातलं बोलणं नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला. आपल्या जिल्ह्यात पाचगावला २०१२ साली मिळाला. तिथली ग्रामसभा आपल्या बांबूचा निर्णय आपण घेते. कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला जंगल आणि वन्यजीव राखायचा अधिकार देतं. वाघ राखायचं काम फक्त गणवेशवाल्यांचं आहे असं कायदा म्हणत नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत पुढचा ठराव मांडायचं आम्ही ठरवलं आहे. बाकी गावांनीही आपापल्या जागी बोलून घ्यावं.

१. सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत आमच्या हद्दीत नवीन गेट, नवीन सफारी रस्ता किंवा तंबू-निवास होणार नाही.

२. निकाल लागल्यावर पर्यटनाचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे मराठीत, नकाशा-खर्चासकट ठेवावा. गोंडीतून समजावून सांगावा. मग चर्चा.

३. गेट झालंच तर प्रवेश फीतला हिस्सा ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावा. गाइड, गाडी, जेवण ही कामं गावाकडं राहावीत, त्यात निम्म्या बाया असाव्यात.

४. मोहफूल आणि तेंदूच्या दिवसांत वेळ आणि रस्ते ग्रामसभा ठरवेल. बायांनी एकटं जायचं नाही, टोळीनं जायचं, सोबत राखणदार. ही व्यवस्था आपणच करायची, कोणाची वाट पाहायची नाही.

५. मोहाखाली आग लावणार नाही. लावली तर ग्रामसभा दंड करेल. हे आपलं आपल्यावरचं बंधन.

सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणं ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. कोरम भरला नाही तर ठरावाला किंमत नाही. रोजीवर जायचं आहे, ढोरं आहेत, हे सगळं मान्य. पण त्या दिवशी घरटी एक तरी माणूस आणि एक तरी बाई यावी. सही करणाऱ्यानं आधी ठराव वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर दोनदा ऐकावा. मागं कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन काय झालं ते आपण विसरलो नाही.

पुण्याच्या साथी, तुम्ही या. पोरांना घेऊन या. एप्रिलात या, मंगळवार सोडून. दोन फेऱ्या जंगलात करा, आणि एक दिवस जास्तीचा काढून आमच्याकडं या. सकाळी बायांसोबत मोहाखाली चला, आम्ही सोबत राहू. पोरांनी एक टोपली भरून पाहावी, कंबर किती दुखते ते कळेल. संध्याकाळी ग्रामसभेत मागं बसा, बोलू नका, नुसतं ऐका. आणि घरी गेल्यावर ज्यांना ज्यांना वाघाचा फोटो दाखवाल, त्यांना एवढं विचारायला सांगा, या जंगलाच्या गावाला कोणी विचारलं होतं का?

गाइड पोराला आम्ही हा लेख वाचून दाखवला. तो म्हणाला, "बराबर आहे. पण दावा लवकर काढा, मी किती दिवस थांबू?" त्याचं हे बोलणं आम्ही इथं मुद्दाम लिहितो. ग्रामसभेनंतर फाइल विचारायला सगळ्यांनी मिळून जायचं आहे. तो पोरगा येणार आहे. चिडलेल्या बाई पण येणार आहेत.

आधी दावा, मग गेट!
जय सेवा!